शब्दचर्चा : सूचिपर्णी जंगलातल्या ‘माइट’ला ‘कोळी’ म्हणावे का?

प्रश्न : फिनलंड-स्वीडनमधल्या पाइन जंगलांच्या मातीवरचा लेख मराठीत करायचा आहे. ‘माइट’साठी (कोळ्यांच्या नात्यातले आठ पायांचे बारके जीव) ‘कोळी’, त्यांच्या कामासाठी ‘विघटक’ आणि मातीतून ते बाहेर काढायच्या ‘टुलग्रेन फनेल’साठी ‘गाळणी’ चालेल का?

उत्तर : शेतीत ‘लाल कोळी’, नारळावरचा ‘इरिओफाइड कोळी’ हे शब्द रुळलेत, पण इथे ‘कोळी’ नको. वाचकाला रस शोषणारी कीड आठवेल, नाहीतर जाळे. शिवाय त्याच पाचोळ्यात खरे कोळीही असतात आणि ते माइट खातात. ‘कोळी कोळ्यांना खातात’ असे लिहिलेत की पुढचा परिच्छेद गेलाच! ‘गोचीड’ तर नकोच, ती रक्त पिते. सरळ ‘माइट’ ठेवा. या मातीत ज्यांची गर्दी असते, त्या ओरिबॅटिड गटाला ‘कवची माइट’ म्हणा. प्रौढाचे कवच कडक, तपकिरी. लांबी साधारण ०.२ ते १ मिमी. संख्या चौरस मीटरला लाखांच्या घरात.

दुसरे उत्तर : ‘विघटक’ हा शब्द शाळेपासून बुरशी आणि जिवाणूंसाठी वापरतात, तो त्यांनाच राहू द्या. माइट बुरशीचे धागे कुरतडतात, पाइनच्या कुजत आलेल्या सुया (सुईसारखी पाने) चघळतात. काही जातींची पिल्ले पाइनच्या सुईतच राहतात. मधला मऊ गर खाऊन मागे लेंड्या भरून ठेवतात. सुई बाहेरून अखंड दिसते, चिमटीत धरली की भुगा. याला ‘पोखरणे’ म्हणा. तिथली माती आम्लधर्मी, त्यामुळे गांडुळे मोजकीच. म्हणून पाचोळा मातीत कालवला जात नाही, थरांनी साचतो : वर ताज्या सुया, मध्ये अर्धवट कुजलेल्या, खाली काळी कुथित मृदा (ह्यूमस).

तिसरे उत्तर : ‘गाळणी’ नको, ‘नरसाळे’. यात काही गाळले जात नाही. वरून उष्णता आणि कोरडेपणा वाढतो तसे माइट स्वतःच खाली सरकतात आणि बाटलीतल्या ७०-८० टक्के अल्कोहोलमध्ये पडतात. इटलीचे कीटकशास्त्रज्ञ बर्लेसे यांनी १९०५ मध्ये गरम पाण्याचे नरसाळे वापरले, स्वीडनचे टुलग्रेन यांनी १९१८ मध्ये दिवा आणला.

मातीचा नमुना (५ सेमी व्यासाचा चालतो) नरसाळ्यातल्या जाळीवर उलटा ठेवतात, म्हणजे वरच्या थरातल्या मोठ्या पोकळ्या खाली येतात आणि वाट मोकळी राहते. नमुना नरसाळ्याच्या भिंतीला टेकू देऊ नये. तिथे दव जमते आणि बारके जीव त्यालाच चिकटतात. दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण तेजाने लावला तर संथ चालणारी पिल्ले वाटेतच वाळून मरतात. पाच-सात दिवसांत हळूहळू वाढवावा. एलईडी लावाल तर प्रकाश भरपूर मिळेल, ऊब मात्र पुरेशी नाही.

एवढे करूनही सुईच्या आतली पिल्ले बहुधा बाहेर येत नाहीत. म्हणून तुमच्या लेखात ‘मोजलेली संख्या’ आणि ‘मातीतली संख्या’ वेगवेगळी लिहा. आतली मोजायची तर सुया सूक्ष्मदर्शकाखाली उभ्या चिरून पाहाव्या लागतात.