मदत हवी आहे: सिझरनंतर नॉर्मल डिलिव्हरी
आठवा महिना चालू आहे. पहिलं बाळ पायाळू होतं म्हणून सिझर झालं. गर्भाशयावरचा छेद आडवा, खालच्या बाजूला आहे. या वेळी डोकं खाली आहे आणि मला नॉर्मलच हवी आहे. सासूबाई म्हणतात, "कशाला जिवाशी खेळ? तारीख घे आणि मोकळी हो."
डॉक्टरांच्या मते असा प्रयत्न केलेल्या 100 पैकी 60 ते 80 जणींची नॉर्मल होते. जुनी शिवण उकलण्याचा धोका साधारण 200 मध्ये एकीला, पण तेव्हा ताबडतोब ऑपरेशन लागतं. म्हणजे भूलतज्ज्ञ आणि रक्त रात्रीही हाताशी हवं, जे आमच्या गावात नाही.
सांगली-मिरजेकडे कुणी असा प्रयत्न केलाय का? कळा सुरू झाल्यावर बाळाचे ठोके सतत बघत होते का? ठरवून दुसरं सिझर केलेल्यांनीही सांगा, मोठं लेकरू कडेवर घे म्हणत असताना कसं निभावलं?