सोसायटीतला मुलांचा खेळतास टिकवायचा कसा?

(पारकरी, ओसरी आणि विटीदांडू ही बोलणाऱ्या तिघांची टोपणनावं.)

पारकरी : ६० फ्लॅट, ४ ते १३ वयाची २२ मुलं. गणपतीत स्पर्धा, मे महिन्यात शिबिर, एरवी शुकशुकाट. दर आठवड्याला काही सुरू केलं की चौथ्या रविवारी मोठेच गायब. कुठे चुकतंय?

ओसरी : भार एकावर असतो, तिथे. सहा मोठ्यांची यादी करा, दर रविवारी त्यातले दोघे. वेळ ५ ते ६, पाहुणे आले तरी तीच. आजी-आजोबा, बिनमुलांची जोडपी यांना आधी विचारा. आपलं मूल खेळत असलं की पालक पंच राहत नाहीत, वकील होतात.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या प्रौढांवरचा अभ्यास २०१९ मध्ये आला. बालपणीचे सात चांगले अनुभव त्यात विचारले होते. आईवडिलांखेरीज निदान दोन मोठ्यांना आपल्याबद्दल खरी आस्था होती का, हा एक; परिसरातल्या प्रथा-परंपरांत भाग घ्यायला आवडायचं का, हा दुसरा. सहा-सात अनुभव मिळालेल्यांत नैराश्य वा ढासळलेलं मानसिक स्वास्थ्य बरंच कमी आढळलं. यातून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण खेळतासाला कोणाला उभं करायचं ते कळतं. त्या दोघांना २२ नावं पाठ हवीत. ‘बी विंगचा छोटा’ चालणार नाही.

विटीदांडू : खेळ निवडताना ‘बाद’ टाळा. बाद होणारं पहिलं मूल बहुधा सर्वांत लहान. ते २० मिनिटं कट्ट्यावर बसतं आणि पुढच्या रविवारी येत नाही. लगोरी उत्तम : सात चपट्या फरश्या, कडा घासलेल्या, आणि कापडी चेंडू. रबरी चेंडूने गाडीची काच गेली की उपक्रम संपला म्हणून समजा. चेंडू लागला तर बाद न करता दहापर्यंत आकडे मोजून परत आत. सहाच्या आतले कच्चे लिंबू. मात्र त्यांनाही काम द्या, नुसते पळवू नका : फरश्या रचणं त्यांचंच.

बक्षीस नको. ते आलं की पालक मैदानात उतरतात.

पारकरी : आणि पावसाळ्यात?

ओसरी : जिन्याखाली सागरगोटे, पत्ते, कॅरम. बंद खोली नको. दोन्ही मोठे सगळ्यांना दिसतील अशी जागा. एकट्या मुलाला कोणी घरी नेऊ नये, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. एखादं मूल घरातल्या त्रासाबद्दल बोललं तर खोदून विचारू नका, गुपित ठेवायचं वचन देऊ नका. १०९८ या चाइल्डलाइनवर फोन करा.