मराठी अक्षरखेळात ‘घरात’ चालेल का?

प्रश्न : स्क्रॅबलच्या (अक्षरांच्या सोंगट्या पटावर जुळवून शब्द करायचा इंग्रजी खेळ) धर्तीवर मराठी सोंगट्या करतोय. १५ × १५ चा पट, हातात ७ सोंगट्या, इथपर्यंत सगळं ठीक. पण पटावरच्या ‘घर’ला एकाने ‘त’ लावून ‘घरात’ केलं आणि जुंपली. हा शब्द ग्राह्य धरायचा का?

उत्तर : आधी सोंगटीवर काय छापलंय ते सांगा. बाराखडीसकट छापायचं म्हटलं तर जोडाक्षरं सोडूनही आकडा चारशेच्या वर जातो. इंग्रजी संच १०० सोंगट्यांचा असतो. म्हणून नुसतं व्यंजन छापायचं आणि काना-मात्रा सोंगटी लावणाऱ्याने बोलून सांगायची. एकदा सांगितली की बदल नाही, आडव्या-उभ्या दोन्ही शब्दांत तीच, शब्दकोड्यात असते तशी. ‘दिन’ म्हणालात तर त्यावरून खाली ‘दिवा’ लागेल, ‘दीन’ म्हणालात तर ‘दीर’. या हिशेबाने तुमचा ‘घरात’ बाद, कारण लागलेल्या ‘र’चा ‘रा’ होणार कसा?

दुसरं उत्तर : ‘घरात’ अडेल हो, पण ‘घरचा’? तिथे ‘र’ला धक्काच लागत नाही. इंग्रजीत अनेकवचनाचा एस लावून दुसऱ्याचा शब्द वाढवतात, ते परवडतं, कारण तिथे शेपटं मोजकी. आपल्याकडे प्रत्यय चिकटून, शब्दयोगी अव्ययही चिकटून. सगळंच चालवायचं तर कुणीतरी ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ मांडून मोकळा होईल. आणि ज्याच्या हाती ‘च’, त्याची तर चंगळच : मीच, घरच, आत्ताच.

आम्ही नामाचं मूळ रूप आणि अनेकवचन घेतो, विभक्ती घेत नाही. ‘घरचा’, ‘रात्री’ हे कोशात स्वतंत्र सापडतात, म्हणून चालतात. सर्वनामांना सूट आहे, ‘मला’, ‘तुला’ अडवून खेळणार काय? क्रियापदाची सगळी रूपं चालतात. एकदा ‘घोड्या’वर वाद झाला. सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययाआधी नामाचं होणारं रूप, एकटं उभं राहत नाही हे खरं, पण ‘अरे घोड्या!’ म्हणतोच की आपण. गुण दिले.

प्रश्न : आणि कोश कोणता?

उत्तर : शब्द आहे का एवढ्यापुरता मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश किंवा दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश. लेखन मात्र १९६२ नंतरच्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे, नाहीतर ‘नांव’, ‘कांहीं’वरचे अनुस्वार घेऊन लोक भांडत बसतात. ‘टेबल’, ‘बस’ चालतात. ‘पुणे’ विशेषनाम म्हणून नाही, ‘पुणेरी’ मात्र घ्या.

गुण ठरवताना ‘ळ’ला उगाच १० देऊ नका. त्याने शब्द सुरू होत नसला तरी बाळ, केळं, काळा, सगळीकडे तो आहेच, ३-४ पुरेत. ‘ङ’ची सोंगटी तर करूच नका, ‘वाङ्मय’ जुळायची वाट बघत ती डाव संपेपर्यंत हातातच राहते.