हुशार मुलांच्या विशेष वर्गात प्रवेश नाकारला, अपिलात काय लिहू?

लेक 8 वर्षांची. बुद्ध्यांक 127 आला, अट 130 ची. चाचणीच्या दिवशी सर्दीमुळे तिच्या कानाला दडा बसला होता, दर प्रश्नाला "परत सांगा ना" म्हणावं लागलं. हे तिने मला नंतर सांगितलं. घरी ती जुनं घड्याळ उघडते आणि कुठलं चाक कुठल्या चाकाला फिरवतं त्याची चित्रं काढते. नकाराचं पत्र आल्यापासून माझ्या जिवाला चैन नाही.

उत्तर
ताई, नुसता आकडा नको, पूर्ण अहवाल मागा. वेक्सलरच्या मुलांसाठीच्या बुद्धिमत्ता चाचणीत, पाचव्या आवृत्तीत, पाच मुख्य निर्देशांक असतात, म्हणजे वेगवेगळ्या क्षमतांचे वेगळे गुण. माझ्या मुलाचा फक्त वेगाचा निर्देशांक कमी होता, त्यानेच एकूण गुण खाली ओढले. कार्यस्मृती (माहिती थोडा वेळ डोक्यात धरून वापरणं) आणि वेग वगळून उरलेल्या क्षमतांचा 'जनरल अ‍ॅबिलिटी इंडेक्स' काढता येतो. तो आम्ही मांडला आणि मान्य झाला.

उत्तर
127 आणि 130 मधला फरक मोजमापाच्या चुकीतही बसू शकतो. अहवालात 95 टक्के खात्रीची कक्षा (खरा बुद्ध्यांक ज्या दोन आकड्यांच्या मधे असावा ती) दिली असेल आणि 130 तिच्यात येत असेल, तर ते पहिल्याच परिच्छेदात लिहा. कानाबद्दल डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. तीच चाचणी लगेच पुन्हा देऊ नका, सरावाने गुण वाढतात आणि मग ते धरत नाहीत. "फार हुशार आहे हो" लिहू नका, ती चित्रं जोडा.

मूळ प्रश्नकर्ती
चित्रांमागे तारखा तिनेच घातल्यात! आजच अहवाल मागते. वर्गशिक्षिकाही दोन ओळी लिहून देणार आहेत.