शिफ्ट ड्युटी, मार्चला संपणारं काँट्रॅक्ट आणि ‘देवावर भरवसा’: रोज नेमकं करायचं काय?

वेर्णा_सी_शिफ्ट

नमस्कार मंडळी. वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात काँट्रॅक्टवर आहे. आठवड्याला शिफ्ट बदलते: ७ ते ३, ३ ते ११, ११ ते ७ (ही रात्रीची सी शिफ्ट). काँट्रॅक्ट ३१ मार्चला संपतं, पुढचं कुणी सांगत नाही. घरी बायको आणि दोन मुलं. आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे, प्रार्थना मराठीत करतो. इथल्या इगर्जीत (चर्चमध्ये) मीस (चर्चमधली मुख्य उपासना) कोंकणीत असते, ती कळते.

चार प्रश्न आहेत.
१. ठरावीक वेळ नाही, मग रोजची प्रार्थना आणि वाचन टिकवायचं कसं? दर वेळी आठवड्याभरात मोडतं.
२. रात्रपाळीत कधी मशीनचं रीडिंग (ठरलेल्या वेळी आकडा पाहून लिहिणं) राहून जातं आणि सकाळी सुपरवायझर ‘भरून टाक’ म्हणतो. काँट्रॅक्टवाल्यानं नाही म्हणायचं कसं?
३. मार्चची काळजी डोक्यातून जात नाही. हा अविश्वास समजायचा का?
४. मराठीत प्रार्थना आणि कोंकणीत मीस, यानं मुलांचा गोंधळ होईल का?

‘श्रद्धा ठेव, सगळं ठीक होईल’ एवढंच सांगायचं असेल तर राहू दे. नेमकं सांगा.

---

साष्टी_तेर्स

पहिल्याचं सांगतो बाब. प्रार्थना घड्याळाला बांधलीस तर शिफ्ट बदलली की ती सुटणारच. ती कामाला बांध. तिन्ही शिफ्टमध्ये न बदलणारी कामं शोध: घरी आल्यावरची आंघोळ, बसमध्ये बसणं, घरातलं दिवसाचं मुख्य जेवण. एवढी तीन पुरेत.

आंघोळीनंतर, मोबाइल हातात घेण्याआधी सात मिनिटं. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू कर, चारांमध्ये ते सगळ्यांत छोटं, सोळा अध्यायांचं. एका वेळी दहाबारा ओव्या (वचनं), म्हणजे साधारण एक प्रसंग. एकदा सरळ वाच, दुसऱ्यांदा हळू, आणि जिथं मन अडकलं ते एक वाक्य घेऊन देवाशी बोल. मग एक मिनिट गप्प बस. पलंगावर बसून मात्र करू नकोस. रात्रपाळीनंतर पलंगावरची प्रार्थना तिसऱ्या वाक्याला घोरते. खुर्ची घे, पाय जमिनीवर.

बसमध्ये तेर्सचा (जपमाळेचा) एक दशक. एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, दहा ‘नमो मरिया’, एक ‘पित्याला गौरव’. तीन-चार मिनिटं लागतात. पाचही दशकं सलग म्हटली तर पंधरा ते वीस मिनिटं, पण दिवसभरात वाटून म्हटली तरी चालतात. माळ नसेल तर दहा बोटं आहेतच. सोमवार-शनिवार आनंदाची रहस्यं (येशू-मरियेच्या जीवनातले प्रसंग, जपताना मनात आणायचे), मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. ही शेवटची २००२ साली आली, म्हणून जुन्या पुस्तिकेत नसतात.

जेवणाआधी सगळ्यांनी मिळून दोन मिनिटं. तू घरी नसलास तर बायकोनं किंवा थोरल्यानं चालवायचं. बापाच्या हजेरीवर टांगलेली घरची प्रार्थना पहिल्याच सी शिफ्टला पडते. आणि शेवटी मुलांना बेसांव (आशीर्वाद) द्यायला विसरू नका. कपाळाला हात लावायला पाच सेकंदं लागतात, मुलांच्या लक्षात मात्र तेच राहतं.

हे मोडतं का, तर दोन कारणांनी. सुरुवात अर्ध्या तासापासून होते, आणि दोन दिवस चुकले की तिसऱ्या दिवशी तिप्पट भरायचा प्रयत्न होतो. चुकलं ते सोडून दे, आजचं कर. बायबलात निर्गमच्या १६व्या अध्यायात मान्ना (रानात देवानं दिलेलं अन्न) माणशी एक ओमर (एक माप) मिळायचा, आणि उद्यासाठी ठेवला की त्यात किडे पडायचे. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायला देवानंच सांगितलं, शब्बाथसाठी (विश्रांतीच्या दिवसासाठी). त्याचा गोव्यातला अर्थ पोदेराला (पाववाल्याला) विचार: आजची पोळी आज खायची, उद्या तो परत भोंपू वाजवत येणार आहे.

रविवारी ड्युटी असली तर शनिवारी संध्याकाळची मीस धरते. तीही शिफ्टमध्ये गेली आणि पर्यायच नसला तर बंधन राहत नाही, पाप लागत नाही. फक्त ‘पर्याय नव्हता’ हे स्वतःशी खरं असू दे. सी शिफ्टहून थेट मीसला जात असशील तर कम्युनियनआधी (पवित्र भाकर घेण्याआधी) एक तास काही खायचं नाही. पाणी आणि औषध चालतं.

---

लालपेन

दुसरा प्रश्न माझ्या प्रांतातला, क्वालिटीचा.

न घेतलेलं रीडिंग लिहिणं म्हणजे खोटी साक्ष. धर्म बाजूला ठेवला तरी ऑडिटमध्ये ज्याची सही तोच सापडतो, ‘भरून टाक’ म्हणणारा कागदावर कुठंच नसतो. हे आधी डोक्यात पक्कं करा.

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रीडिंग घेतलं होतं पण लिहायचं राहिलं, आणि त्याचा पुरावा आहे (प्रिंट किंवा मशीनची मेमरी), तर ती उशिराची नोंद होते: आकडा लिहायचा, बाजूला ‘लेट एंट्री’, कारण, आजची तारीख, आत्ताची वेळ, सही. मागची तारीख टाकायची नाही. रीडिंग घेतलंच नसेल तर त्या रकान्यात ‘घेतलं नाही’, कारण, आजची तारीख, सही, आणि विचलनाची (ठरलेलं काम न झाल्याची) नोंद वरती द्यायची. चुकलेला आकडा एका रेषेनं खोडायचा, खालचं वाचता आलं पाहिजे. व्हाइटनर नको, गिरवणं नको.

सुपरवायझरशी भांडण नको. नकार आणि पर्याय एकाच वाक्यात द्या: “सर, दोनचं रीडिंग झालेलं नाही. दोनच्या जागी तसं लिहून सही करतो, आत्ताचं रीडिंग आत्ताच्या वेळेनं घेतो.” बायबलातल्या दानीएलानं पहिल्या अध्यायात हेच केलं. राजाचं अन्न नाकारताना आरडाओरडा केला नाही, कारभाऱ्याला दहा दिवस भाजी-पाण्यावर पाहून घ्या म्हणाला. समोरच्याला त्याची मान वाचवायची वाट दिली की निम्मी कामं होतात.

उरलेली निम्मी होणार नाहीत, तेही सांगून ठेवतो. दानीएल ३:१७-१८ मध्ये भट्टीसमोर उभे असलेले तिघं म्हणतात की देव सोडवील, आणि न सोडवलं तरी मूर्तीपुढं वाकणार नाही. भरवसा म्हणजे काँट्रॅक्ट वाढण्याची हमी असं कुणी सांगत असेल तर त्यानं पुस्तक अर्धंच वाचलंय.

मुळात रीडिंग राहतं का तेही पाहा. पहाटे दोन ते पाच डोळा लागतो म्हणून ना? मग दर रीडिंगच्या पाच मिनिटं आधी घड्याळाचा गजर लावा. तोही श्रद्धेचाच भाग धरा.

---

पणजी_उपासना

तिसऱ्यावर. काळजी वाटणं म्हणजे अविश्वास नव्हे. गेथशेमाने बागेत येशूनं प्याला (येणारं दुःख) दूर कर असं स्पष्ट मागितलं (मार्क १४:३६), आणि मग ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ म्हटलं. आपण बहुतेक वेळा पहिला भाग गाळून दुसराच म्हणतो, म्हणून तो पोकळ वाजतो.

तक्रार करायची पद्धत बायबलातल्या स्तोत्र १३ मध्ये आहे. सहाच ओव्या. पहिल्या दोनांत ‘किती काळ’ चार वेळा येतं, पुढच्या दोनांत नेमकी मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. त्याच साच्यात स्वतःचं लिहा, वहीत, सहा ओळी. “प्रभू, मार्चनंतर भाडं कसं भरू?” असं थेट. ‘आशीर्वाद दे’ सारखी गोल मागणी नको, कारण तिचं उत्तर आलं की नाही हे कधीच कळत नाही. तारीख घाला, महिन्यानं पुन्हा उघडा. शेवटच्या दोन ओळी आज मनापासून निघत नसतील तर कोऱ्या सोडा. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं आणि तरीही ते शास्त्रात आहे.

रात्रपाळीवाल्यांसाठी तर खास सोय आहे. स्तोत्र १३४ तीनच ओव्यांचं, रात्री देवाच्या घरात उभं राहून सेवा करणाऱ्यांसाठी. स्तोत्र १३० मध्ये पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी आहेत. पहाटे चारला प्लांटमध्ये ते समजावून सांगावं लागत नाही. सकाळी पडदे ओढून झोपताना स्तोत्र ४.

आता काळजीचं गणित. एका कागदावर दोन रकाने: माझ्या हातातलं, हातात नसलेलं. डावीकडचं प्रत्येक काम तारीख घालून करायचं. पीएफचा यूएएन चालू आहे का, केवायसी पूर्ण आहे का, पगाराच्या पावत्या आणि अनुभवाचं पत्र, बायोडेटा, दर आठवड्याला दोन अर्ज. उजवीकडचं, म्हणजे कंपनीचा निर्णय आणि बाजार, रोज एकदाच प्रार्थनेत ठेवायचं आणि वही मिटायची. नहेम्या ४:९ मध्ये लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि पहारा बसवला. दोन्ही, एकाच वाक्यात.

पैशांचं: समजा महिन्याचा घरखर्च १८,००० आहे. तीन महिन्यांचे ५४,००० मार्चपर्यंत साठवायला निघालात तर नोव्हेंबरातच हात टेकाल. एकाच महिन्याचं लक्ष्य ठेवा. ऑक्टोबर ते मार्च सहा पगार, दरमहा ३,०००, पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात. दान बंद करू नका, लहान करा: ठरलेली रक्कम, ५०० का असेना, पाकिटात आधी. दोन करिंथ ९:७ प्रमाणे मनात ठरवलं तितकंच, कुणी दबाव आणला म्हणून नव्हे. आणि ‘दहा हजार पेरा, नोकरी पक्की’ म्हणणारा भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. फेस्तासाठी (चर्चच्या सणासाठी) कर्ज काढणंही यंदा नको. पाहुणे एका शाकुतीवरही (मसालेदार रश्श्यावरही) जेवतात.

---

कुडचडेची_ताई

वरच्यांनी बायकोचं फारसं बोललं नाही, म्हणून लिहिते. मार्चचा आकडा तिला माहीत आहे ना? घरात लपवलेली काळजी प्रार्थनेतही लपते. दोन रकान्यांचा कागद दोघांनी मिळून लिहा, मुलं झोपल्यावर.

चौथ्या प्रश्नाचं: गोंधळ होत नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट (ख्रिस्ती धर्मगुरूंच्या एका संघातला), त्यानं १६१६ साली गोव्यातल्या राशोलला छापलेलं ख्रिस्ताचं पुराण मराठी ओव्यांतच आहे. म्हणजे इथली मराठी प्रार्थना काही पाहुणी नव्हे. मुलांना ‘आमच्या बापा’ दोन्ही भाषांत पाठ करून घ्या. एका आठवड्यात एक ओळ, घाई नको. वाड्यावर सायबीण (घरोघर फिरणारी मरियामातेची मूर्ती) तुमच्या घरी येईल तेव्हा शेजाऱ्यांबरोबर कोंकणीत म्हणा, शेवटचं एक गीत मराठीत. कुणी नाही म्हणत नाही, विचारून बघा.

आणखी एक. काळजीनं झोप उडाली, छातीत धडधड, असं दोन-तीन आठवडे चाललं तर डॉक्टरकडे जा. प्रार्थना चालू ठेवून जा, गोळी चालू असेल तर बंद करू नका. कॅथलिक बायबलात सिराकच्या ३८व्या अध्यायात वैद्याचा मान राखायला सांगितलंय.

---

वेर्णा_सी_शिफ्ट

देव बरें करूं (धन्यवाद) सगळ्यांना. कागद आज रात्री दोघं मिळून लिहितो. लालपेन यांचं वाक्य पाठ केलंय. एक अडचण: घरातल्या जुन्या कॅथलिक पुस्तकात स्तोत्र १३० उघडलं तर पहारेकरी सापडले नाहीत. तीन ओव्यांचंच भलतंच स्तोत्र निघालं.

---

साष्टी_तेर्स

पुस्तक बरोबर आहे, क्रमांक जुना आहे. जुन्या लॅटिन पद्धतीत बहुतेक स्तोत्रं एकानं मागं येतात. तुझ्या पुस्तकात १३ म्हणजे १२, ८८ म्हणजे ८७, १३० म्हणजे १२९, १३४ म्हणजे १३३. झोपतानाचं ४ मात्र दोन्हीकडे ४च.