मदत हवी आहे: ल्युपस, थकवा आणि तोंडावर आलेल्या गौरी

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मला ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार. आजार आटोक्यात आहे असं डॉक्टर म्हणतात, रिपोर्टही तेच सांगतात. रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, स्टिरॉइडचा अगदी कमी डोस, वर्षातून एकदा डोळे तपासून घेणं, हे सगळं नीट चालू आहे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२, डी जीवनसत्त्व तपासून झालंय, त्यामुळे "एकदा बी१२ करून बघ" कृपया नको. उरलाय तो थकवा. झोपून उठलं की जातो तो थकवा वेगळा. हा झोपून उठल्यावरही उशाशी बसलेला असतो.

नाशिकला इंदिरानगरात दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. नवऱ्याची अंबडला शिफ्ट ड्युटी, मुलगा आठवीत, आणि सासूबाई. मी घरून एका सीएंकडचं अर्धवेळ काम करते. जीएसटी, टीडीएस वगैरे. म्हणजे कर आणि रिटर्न भरायच्या ७, ११ आणि २० या तारखा कायम डोक्यावर. यंदा गौरी आणि ३बीची (जीएसटीचं दर महिन्याचं रिटर्न) २० तारीख एकाच आठवड्यात आल्यात.

आमच्याकडे उभ्या महालक्ष्म्या. आवाहनाला भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा स्वयंपाक, सोळा भाज्या, सवाष्ण जेवायला, संध्याकाळी हळदीकुंकू. मला यातलं काही बंद करायचं नाही, मला गौरी आवडतात. पण साध्या दिवसाचीच गत सांगते. सकाळी बोटं सुजलेली असतात, अंगठी निघत नाही. कणीक मुलगा मळून देतो. चौथ्या-पाचव्या पोळीला मनगट बोलायला लागतं, मग मी लाटणं बाजूला ठेवून ओट्याला टेकून उभी राहते, आणि तेवढ्यात तव्यावरची पोळी कडक होते. आतून सासूबाई विचारतात, "करपलं का गं?" करपलेलंच असतं.

तर विचारायचं हे आहे. दिवसभरातलं आपल्याकडे किती उरलंय हे संपायच्या आधी कसं ओळखायचं? मला ते नेहमी संपल्यावर कळतं. दुसरं, काय सोडायचं हे ठरवताना घरच्यांना "अंग काढून घेते" असं वाटू नये म्हणून तुम्ही काय करता? मी दिसायला ठणठणीत आहे, तीच पंचाईत. आणि तिसरं, माझे डॉक्टर रोज थोडं चाला म्हणतात, तर कोविडनंतर थकव्याने खिळलेल्या माझ्या मावसबहिणीला तिचे डॉक्टर अजिबात जोर करू नका म्हणतात. यातलं खरं कोणतं?

सातपूरवाला

ताई, सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू, नंतर अनुलोम-विलोम, आणि गोल्फ क्लब मैदानावर तीन फेऱ्या. आमच्या साडूंचा संधिवात पळाला.

गोदाकाठची

साडूंना नमस्कार सांगा. कुंभाच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्यांतून मला त्या मैदानापर्यंत कुणी पोचवणार असेल तर फेऱ्यांचं बघू. आणि ऊन ल्युपसला चालत नाही हो, आजार उफाळतो.

हातकाम

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारपणात रोजची कामं कशी जमवायची ते शिकवते. इथे उपचार सांगत नाही, आम्ही पेशंटला जे करायला लावतो ते सांगते.

पहिल्या प्रश्नाला एकच उत्तर, वही. दोन आठवडे रोज काय केलं आणि कसं वाटलं ते लिहा, पण त्या दिवशीचं वाटणं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं वाटणं वेगवेगळं लिहा. बहुतेकांना वाटतं मोठी कामं खातात. वहीत दिसतं की उभं राहणं खातंय, जिने खातायत, गरम पाण्याने उभ्याने केलेली आंघोळ खातेय. आणि तुमच्या बाबतीत रिटर्न भरणं. डोक्याचं काम बसून होतं म्हणून लोक ते हिशेबात धरत नाहीत. सोडू नका ते.

मग थकायच्या आधी थांबायचं. यालाच आम्ही पेसिंग म्हणतो. वीस मिनिटांचा गजर लावा आणि वाजला की बरं वाटत असलं तरी बसा. सगळ्यात अवघड हेच असतं, कारण बऱ्या दिवशी माणूस साठलेलं सगळं उरकायला जातो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढतो. विश्रांती म्हणजे आडवं पडून डोळे मिटणं. मोबाइल बघत पडणं त्यात येत नाही.

स्वयंपाकघरात: ओट्याच्या उंचीला जुळेल असं उंच स्टूल आणि पायाखाली पाट. भाजी चिरणं, लाटणं, निवडणं सगळं बसून. मोठा कुकर एक नको, छोटे दोन घ्या, भरलेला मोठा कुकर उचलण्यातच मनगट जातं. भांडं उचलू नका, ओट्यावरून सरकवा. रोजचे डबे कंबर ते खांदा या उंचीत, म्हणजे वाकणं नाही, टाचा उंचावणं नाही. आंघोळ रात्री, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून. दुसऱ्या मजल्यासाठी पिशवी आणि दोरी. हसू नका, आमच्या जुन्या वाड्यांत सगळे हेच करायचे.

घरकैदी

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. तुमचे डॉक्टरही बरोबर आणि बहिणीचेही. मला एमई/सीएफएस, म्हणजे कायमच्या तीव्र थकव्याचा आजार आहे. त्यात श्रमांचा फटका लगेच बसत नाही, १२ ते ४८ तासांनी बसतो, आणि कधी कधी आठवडे टिकतो. म्हणून ठरावीक प्रमाणात व्यायाम वाढवत नेण्याचा जुना सल्ला ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शिकेत काढून टाकला. कोविडनंतर खिळलेल्या बऱ्याच जणांचंही असंच होतं. ल्युपस, आमवात यांच्या थकव्यात मात्र आजार शांत असेल तर हळूहळू वाढवलेली हालचाल उपयोगी पडते. नावाने दोन्ही थकवेच, नियम वेगळे. तुमच्या वहीत चालल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपटल्याचं वारंवार दिसलं तर ती वहीच डॉक्टरांना दाखवा.

आणि एक कळकळीचं: सणापुरता स्टिरॉइडचा डोस मनाने वाढवायचा, सण झाला की बंद करायचा, असं करणारे लोक पाहिलेत. करू नका. अचानक बंद करणं तर धोक्याचंच.

चष्मिष्ट

चमच्यांचं कुणीच कसं सांगितलं नाही? क्रिस्टीन मिझरँडिनो या ल्युपसच्याच अमेरिकन पेशंटने २००३ मध्ये लिहिलं होतं. दिवसभराची ताकद म्हणून मैत्रिणीच्या हातात बारा चमचे दिले आणि प्रत्येक कामाला एकेक काढून घेतला. घरी करून दाखवा.

गोदाकाठची

वाचलंय. नवऱ्याला करून दाखवलं, पटलं त्याला. सासूबाई म्हणाल्या, चमचे मोजून ठेव, मागच्या हळदीकुंकवात दोन गेलेत. :)

दुसऱ्याला समजवायला उत्तम आहे, पण पुरणाला किती आणि ३बीला किती हे त्यातून कळत नाही. हातकाम, वही कालपासून सुरू केलीय. दोरीची कल्पना मुलाला फार आवडली, बाल्कनीतून दूध वर आलं सुद्धा.

पंचवटीच्या काकू

अगं, मी तुझ्या सासूबाईंच्या वयाची, म्हणून त्यांच्या बाजूने बोलते. आमच्या पिढीला काम कमी झाल्याचं दुःख नसतं, आपल्याला न विचारता कमी केलं याचं असतं. तू "मला जमणार नाही" म्हणून सुरुवात करू नकोस. वही घेऊन त्यांच्याजवळ बस आणि विचार, आई, यातलं देवीचं कोणतं आणि पाहुण्यांचं कोणतं? त्या स्वतःच गाळतील बघ.

आमच्याकडे सोळा भाज्या एकत्र करून एकच भाजी होते. नैवेद्याला लागतात तेवढ्या पुरणपोळ्या सोवळ्यात घरी, पंगतीच्या बाहेरून. साड्या नेसवायचं, मुखवटे बसवायचं काम आदल्या दिवशी दोन जावा येऊन करतात. तू खुर्चीवर बसून वाती, वस्त्रमाळा, फुलोऱ्याचं मोजमाप बघ. हळदीकुंकू दोन तासांचंच ठेव, वेळ आधीच कळव, आणि तूही बसूनच लाव. बायका वाकतील, त्यांचे गुडघे चांगले आहेत. वाकून नमस्कार तर अजिबात करत बसू नकोस. अगं, गडावर आता ट्रॉलीने जाऊन सप्तशृंगीचं दर्शन घेतात लोक, देवी काही पायऱ्या मोजत नाही.

बाजारहाट मात्र चार दिवस आधी, ऊन उतरल्यावर. पूजनाच्या आदल्या संध्याकाळी रविवार कारंजाला मी धडधाकट असूनही जात नाही.

सातपूरवाला

काकूंशी सहमत. (मध-लिंबू मागे घेतलं.)

गोदाकाठची

सगळ्यांचे खूप आभार. काकू, तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. सासूबाईंनी सोळा भाज्या एकत्र लगेच मान्य केल्या, म्हणाल्या माझ्या माहेरी तसंच होतं. मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळतंय हे! पंगतीच्या पोळ्या बाहेरून म्हटल्यावर थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, आण, पण आधी चव बघू. सवाष्णींचा आकडा मात्र खाली यायला तयार नाही. त्यावर नवऱ्याला बसवलंय, त्याची आई आहे.

सीए सरांशी बोलले. ३बीचा डेटा क्लायंटकडून १२ तारखेलाच मागवतोय, म्हणजे गौरींच्या आधी रोज थोडं थोडं होईल. स्टूल आणायचंय. ओटा ३३ इंच उंच आहे, हातकाम, बसायची उंची किती धरू?

आणि नाशिककरांनो, इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याच्या बाजूला पुरणपोळ्या घरपोच देणारा बचतगट माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पोळ्या गुळाच्याच हव्यात, साखरेच्या चव बघायच्या पायरीवरच नापास होतील.