पीटीच्या तासाला वर्गातली किती पोरं खरंच पळतात?

गोदाकाठची आई: मुलगी सातवीत, शाळा नाशिकला, गंगापूर रोडवर. पीटीचे आठवड्याला दोन तास, त्यातला एक गणिताचे सर पळवतात. उरलेल्यात खो-खो. आता मोजा: एक जण पाठलागावर, तिघं पळतीवर, आठ जण चौकोनात उकिडवे. बाकी वर्ग कडेला गप्पा छाटतोय. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. आधी सगळी पोरं हलतील असा तास आखा, संघ नंतर निवडा.

पंचवटीकर: म्हणजे खो-खो बंद? ताई, उकिडवं बसून झटक्यात उठणं हीच मांड्यांची कसरत. आणि चुरस काढली तर मैदानात येणार कोण? आपल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावली, ती काय चुरशीशिवाय?

गोदाकाठची आई: बंद कोण म्हणालं? चार गट करा, चारही कोपऱ्यांत साखळी खेळू दे. कविता राऊत शोधायला स्पर्धा आहेतच की. तास बाकीच्यांचा.

शिट्टीवाले सर: साठ पोरं, एक शिट्टी आणि सिडकोतल्या शाळेचं अंगण पेव्हर ब्लॉकचं. लंगडी घातली की कुणाचा तरी गुडघा फुटतो, संध्याकाळी पालक दारात. त्यापेक्षा दोरीच्या उड्या. जागा कमी लागते, आणि हाडं-स्नायू बळकट करणारा व्यायाम आठवड्यात किमान तीनदा हवा, असं तीच संघटना म्हणते. पण शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावणारे आमचे भाऊबंद आधी आवरा. गृहपाठ नाही, मार फेऱ्या! मग धावणं कुणाला आवडेल?

पंचवटीकर: फेऱ्यांचं पटलं, सर. उड्यांचं नाही. आठवीची पोरं दहा मिनिटांत कंटाळतात.

इंदिरानगरचा बाबा: मुलगा अंगानं जाड. शंभर मीटरची वेळ सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली, श्रेणीही त्यावरच. आता पीटीच्या दिवशी हमखास पोट दुखतं. जूनची आणि जानेवारीची वेळ शेजारी ठेवून श्रेणी द्या ना.

पंचवटीकर: मग जूनमध्ये सगळे मुद्दाम रेंगाळतील. पोरं आपल्यापेक्षा हुशार आहेत, दादा.

शिट्टीवाले सर: रेंगाळतोय कोण आणि दमलाय कोण, ते कळतं हो. पण तीस पोरांत कळतं, साठांत नाही. दोन तुकड्या एकाच तासाला मैदानात सोडणं आधी थांबवा.